मयत एक, स्त्री, वय बावीस

केश्वर खानमला विद्यापीठाने दिलेली नऊ मानचिन्हं मी तिच्या घरी पाहिली आहेत. चार लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून ठेवलेली, दोन खिडकीच्या फुटक्या तावदानाच्या जागी उभी केलेली, एकावर ती कांदा चिरायची. उरलेली दोन कुठे गेली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एकाने चूल पेटवली, लाकूड बरं होतं. दुसऱ्यावर माझं नावच चुकीचं लिहिलं होतं, ते कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलंय." मला राग यायला हवा होता, कारण ती सगळी मानचिन्हं मीच बनवून आणायची आणि ते चुकीचं नावही मीच लिहून दिलं होतं. पण तोवर मला तिच्यावर रागवायचा कंटाळा आला होता.

मी फखरी, लोकांच्या तोंडी फखरी खानम, म्हणजे फखरीबाई. कानीरश शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठात पुनर्शिक्षण कार्यालयात सव्वीस वर्षं कारकुनी केली. आमच्याकडे डॉक्टर, परिचारिका, दाया सगळ्यांना आपला परवाना टिकवायचा तर दरवर्षी ठरावीक शिक्षणगुण मिळवावे लागतात. त्यासाठी परिसंवादाला बसायचं, माझ्याकडून हजेरीच्या कार्डावर सकाळी निळा शिक्का घ्यायचा, दुपारी जेवणानंतर लाल. दोन्ही शिक्के असले तरच गुण. ज्ञान किती मिळालं हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, म्हणून सगळी मदार माझ्या शिक्क्यांवर.

आझर महिन्याच्या दहा तारखेला एड्स दिन. त्या दिवशी आमचा सगळ्यात मोठा कार्यक्रम असायचा, व्यसन आणि एचआयव्ही या विषयावरच्या संशोधनाचा. नऊ वाजता सभागृहात उभं राहायला जागा नसायची. निळा शिक्का मिळाला की दहाच्या सुमाराला पहिल्या रांगेतले पाहुणे आणि झोप लागलेले दोघेचौघे एवढेच उरायचे. मग साडेबाराला कबाबाचा वास सुटला की कुठूनकुठून मंडळी पुन्हा उगवायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला दवाखाना असलेल्या माणसाला तो वास कसा पोचायचा, यावर मात्र कोणी कधी शोधनिबंध वाचला नाही.

केश्वरला पहिल्यांदा बोलावलं ते नमुना म्हणून. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नावही नव्हतं, "एका रुग्णाचे अनुभवकथन, दहा मिनिटे" एवढंच. कोणी तोंड पाहू नये म्हणून मी व्यासपीठावर पांढऱ्या कापडाचा आडपडदा लावला होता. ती आली. उंच, हडकुळी, डोक्यावरची काळी चादर खांद्यावर घसरलेली, पुढचे तीन दात नाहीत. पडद्यामागे खुर्चीवर बसली, दोन वाक्यं बोलली आणि उठून तो पडदा पायाने बाजूला सारला.

"मी कोणाशी बोलतेय ते मला दिसत नाही," ती म्हणाली. "लाज तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही पडद्यामागे बसा."

मग तिने सांगितलं. वीटभट्टीमागच्या वस्तीत जन्म. चौदाव्या वर्षी लग्न, नवरा ट्रकवर हमाल. दाढ दुखली म्हणून सासूने अफू दिली, दाढ पडली तरी अफू राहिली. मग हेरॉइन. नवरा तुरुंगात गेला. तिथे पेनाच्या नळीपासून बनवलेली एक सुई चाळीस माणसांत फिरायची. सुटून आला तेव्हा तो आजार घेऊन आला, तिला दिला आणि मेला. ती भावाच्या गोठ्यात स्वतःला खुंट्याला बांधून घेऊन पंधरा दिवस ओरडत राहिली आणि सुटली. आता बायकांच्या व्यसनमुक्ती केंद्रात चहा करते, स्वच्छ सुया वाटते, कोणी पडलेलं असेल तर उचलून इस्पितळात नेते.

एका दंतवैद्याने हात वर केला. "खानम, तुम्हाला कशाचा पश्चात्ताप होतो?"

"तुमच्या दवाखान्यात दाढ दाखवायला आले होते त्याचा," केश्वर म्हणाली. "तुम्ही कार्डावर आजाराचं नाव पाहिलंत आणि म्हणालात, यंत्र बिघडलंय. सात वर्षं झाली. दुरुस्त झालं का?"

दंतवैद्याने लाल शिक्क्याची वाटही पाहिली नाही.

त्या दिवशीची एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. चहाच्या वेळी सगळ्यांना काचेच्या पेल्यात चहा दिला आणि केश्वरला कागदी पेल्यात. तशी सूचना चहावाल्याला मीच दिली होती. हा आजार पेल्यातून पसरत नाही, हे वाक्य मी स्वतः टंकलिखित केलेल्या पत्रकात तिसऱ्या ओळीत होतं. केश्वरने तो कागदी पेला पाहिला, टेबलावर ठेवला, माझ्या हातातला काचेचा पेला काढून घेतला, साखरेचा खडा उरलेल्या दातांत धरला आणि माझा चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग रिकामा पेला मला परत दिला. "घ्या फखरी खानम, धुऊन ठेवा." मी तो घरी नेऊन फेकला. हेही मीच केलं.

दरवर्षी तिला बोलावणं जायचंच. बाहेरचे पाहुणे खूश व्हायचे, फोटो निघायचे. ती शेवटच्या रांगेत बसायची आणि प्रत्येक वक्त्याचं काहीतरी बिघडवायची. एकाने "ही लोकसंख्या आपल्यापर्यंत पोचत नाही" असं म्हटलं, तर ती मागून ओरडली, "तुम्ही लोकसंख्येपर्यंत या की! चालत वीस मिनिटं लागतात. उतारच आहे." मला तिचा भयंकर संताप यायचा. कार्यक्रम लांबायचा, कबाब गार व्हायचा आणि शिव्या मी खायचे.

एकदा तिने मढी धुण्याचा विषय काढला. आमच्या कबरस्तानात बायकांची प्रेतं धुणाऱ्या दोघी आहेत. या आजाराने गेलेली बाई असली की त्या हात लावत नसत, लांबून रबरी नळीने पाणी मारत. घोडागाडी धुतात तसं. केश्वरने ते पाहिलं आणि तेव्हापासून वस्तीतली अशी प्रत्येक बाई ती स्वतः धुवायला लागली. आधी बोरीच्या पानांचं पाणी, मग कापराचं, मग साधं, सगळं रीतीप्रमाणे. सभागृहात उभी राहून म्हणाली, "त्यांना मी धुते. मला कोण धुणार? इथे सगळे शिकलेले आहेत. हात वर करा बघू."

एकही हात वर झाला नाही. माझ्या हातात शिक्का होता, म्हणून मला निमित्त तरी होतं.

आता त्या वर्षाकडे येते.

त्या वर्षी वसंतात तेहरानहून डॉक्टर कियामनेश नावाचे प्राध्यापक आले होते. संशोधनासाठी त्यांनी वस्तीतल्या दोनशेबारा जणांचं रक्त घेतलं. रक्त देणाऱ्याला तांदूळ आणि तेलाची पिशवी. पिशवी देताना जन्मपुस्तिका, म्हणजे सरकारी ओळखीचं पुस्तक, पाहून नाव लिहायचं, सही घ्यायची, कारण वरून तसा हुकूम होता. "काही निघालं तर आम्ही तुम्हाला येऊन सांगू," असं प्रत्येकाला सांगितलं गेलं. निरोप द्यायचं काम त्यांच्या एका विद्यार्थिनीकडे होतं. केश्वर तिला म्हणाली होती, मी बरोबर येते, मला घरं माहीत आहेत. तर कियामनेश म्हणाले, नको, गोपनीयतेचा प्रश्न आहे, बाहेरचा माणूस मध्ये नको. बाहेरचा माणूस म्हणजे केश्वर!

रक्त देणाऱ्यांत हेताव नावाची एक पोरसवदा बाई होती. नवरा सुया टोचून घेणारा, सासू खमकी, घर सासूचं. हेतावला पुढे दिवस गेले. केश्वर तिच्या मागे लागली, पोरी, पुन्हा एकदा तपासून घे, केंद्रात अर्ध्या तासात कळतं. हेताव म्हणायची, "दिलंय ना एकदा रक्त. कोणी आलं नाही, म्हणजे मी चांगली आहे. तू कशाला माझ्या वाईटावर टपलीस? केंद्रात पाऊल टाकलं तर सासू मला जिवंत ठेवेल का?" सातवा महिना लागल्यावर तिने केश्वरच्या तोंडावर दार लावून घेतलं.

म्हणून त्या दहा तारखेला केश्वर सकाळी आठलाच माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तोंड आंबट.

"ते तेहरानचे डॉक्टर कुठे आहेत?"

"निळा शिक्का घ्यायचाय का तुला? रांगेत उभी राहा."

"शिक्का तुमच्या कपाळावर मारून घ्या. डॉक्टर कुठे आहेत?"

कियामनेश चहा घेत होते. वाईट माणूस नव्हता तो. मऊ बोलायचा, हात छातीवर ठेवून मान झुकवायचा. केश्वरने हळू आवाजात विचारलं, हेतावचं काय झालं. त्यांनी विद्यार्थिनीला खूण केली, तिने पिशवीतून बंद पाकीट काढून आतल्या यादीवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"या नावाची कोणी नाही आमच्याकडे," कियामनेश म्हणाले. "तिने रक्त दिलेलंच नाही."

"सुई टोचली तेव्हा तिचा हात मी धरला होता."

"मग तुमची काहीतरी गफलत होतेय, खानम. चहा घ्या ना, तुमच्याशिवाय मी कसा घेणार?"

"तुम्ही खुशाल घ्या," केश्वर म्हणाली आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसली. तिची हजेरीची सही घ्यायला मी गेले तर म्हणाली, "दोन महिन्यांत ती बाळंत होईल. आजार असला तर आत्ता गोळ्या सुरू केल्या की पोर वाचतं. नंतर करून उपयोग काय? हे तुमच्याच लोकांनी मला शिकवलंय, याच खुर्चीवर."

मी म्हटलं, सही कर.

साडेअकराला कियामनेश उभे राहिले. भिंतीवर आकडे आले. दोनशेबारापैकी एकोणीस जणांना लागण. सोळा जणांना कळवलं, उपचार सुरू. दोघांचा पत्ता लागला नाही. आणि खाली शेवटची ओळ: मयत एक, स्त्री, वय बावीस.

"किती दुःखाची गोष्ट," कियामनेश म्हणाले, "निदान होऊनही आपण तिच्यापर्यंत पोचू शकलो नाही."

"थांबा," मागून आवाज आला.

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराचं जेवण होतं.

केश्वर उभी होती. "ही बावीस वर्षांची बाई कोण?"

"नाव सांगता येत नाही, खानम, आपल्याला माहीतच आहे."

"नाव नका सांगू. या वसंतापासून वस्तीत या आजाराच्या पाच बायका गेल्या. पाची मी धुतल्या. सगळ्यात धाकटी चाळिशीची होती. बावीस वर्षांची मी एकही धुतलेली नाही."

"दुसरीकडे दफन केलं असेल."

"कोणी सांगितलं तुम्हाला ती मेली म्हणून?"

कियामनेशनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती बिचारी उभी राहिली. म्हणाली, मी स्वतः तीनदा गेले होते, पाण्याच्या नळावर बायकांना नाव घेऊन विचारलं, सगळ्यांनी एकच सांगितलं की ती वारली, देव तिला क्षमा करो. एका म्हातारीने तर टेकडीवरच्या कबरस्तानाकडे बोट दाखवलं.

"कधी वारली ते विचारलंस?"

विद्यार्थिनी म्हणाली, "नाही विचारलं."

केश्वर सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली आणि त्या मुलीच्या कानाशी लागून काहीतरी एकच शब्द बोलली. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

तो शब्द मला नंतर कळला, पण खरं तर मला तिथल्या तिथे कळायला हवा होता. सभागृहात बसलेल्या आमच्या गावच्या प्रत्येक माणसाला कळायला हवा होता. आमच्याकडे लहान मूल गेलं की त्याची जन्मपुस्तिका कोण परत करत बसतं? पुढचं मूल झालं की तीच त्याला द्यायची. सरकारी कचेरीची खेप वाचते. घरात, गल्लीत मुलाला वेगळं नाव, कागदावर मेलेल्या भावंडाचं. माझीच पुस्तिका माझ्या मेलेल्या बहिणीची आहे. कागदावर मी चार वर्षांनी मोठी आणि नावाने अख्तर. याच्या जोरावर मी निवृत्ती चार वर्षं आधी घेतली, त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. आणि तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, कारण माझं लक्ष कबाबाकडे होतं.

तो शब्द म्हणजे परवाने, हेतावच्या मोठ्या बहिणीचं नाव. गोवराने गेली, तीन वर्षांची असताना. तिची पुस्तिका हेतावला मिळाली. नळावरच्या बायका एका अक्षरानेही खोटं बोलल्या नव्हत्या. परवाने मेलेलीच होती. तेहरानच्या मुलीने ते लिहून घेतलं, तेहरानच्या डॉक्टरांनी त्याची ओळ केली आणि पोटात सात महिन्यांचं मूल घेऊन हेताव त्यांच्या तक्त्यात मरून गेली.

कियामनेश घामाघूम झाले. खालच्या आवाजात म्हणाले, "आपण याची खात्री करून घेऊ. पण ओळख पटवल्याशिवाय निकाल देता येत नाही. नीतिसमितीपुढे ठेवतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"पुढच्या महिन्यात!"

"नियम आहे, खानम. माझी मान बारीक आहे त्यापुढे, माझं काही चालत नाही."

"मला तुमचा कागद नको," केश्वर म्हणाली. "मी बघणारही नाही. तो कागद घ्या, तुमचे दोन पाय घ्या आणि माझ्याबरोबर चला. तिला तुम्ही सांगा."

"कार्यक्रम संपल्यावर बघू," ते म्हणाले. आमच्या कार्यालयाच्या संचालकांनी जेवणाची घोषणा केली.

लोक जेवले. केश्वर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, भाताचा एक दाणा खाल्ला नाही. कियामनेशचं दुपारचं विमान होतं, हे मला माहीत होतं, तिकीट मीच काढलं होतं. आणि ते तिलाही माहीत होतं, कारण दुपारची विमानतळाची गाडी किती वाजता सांगितलीय हे तिने मला विचारलं आणि मी सांगून टाकलं. तिने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "फखरी खानम, तुमची मुलगी असती तर?"

मला मुलगी नाही. मला कोणीच नाही. मी टेबलाशी गेले, लाल शिक्का उचलला आणि अंगरख्याच्या आतल्या खिशात टाकला.

रांग लागली. पहिला एक शल्यचिकित्सक. "फखरी खानम, शिक्का."

"हरवलाय."

"हरवलाय म्हणजे? शोधा! माझं ऑपरेशन खोळंबलंय."

"सकाळी दहापासून तेच चाललं होतं ना तुमचं? अजून संपलं नाही?"

मागे कुजबुज, मग आरडाओरडा. ऐंशी डॉक्टर. एकजण म्हणाला ही बाई वेडी झालीय. एक बालरोगतज्ज्ञ म्हणाली, सहा गुण आहेत या कार्यक्रमाचे, माझा परवाना या महिन्यात संपतोय. संचालक धावत आले आणि माझ्यावर डाफरले. मी म्हटलं, "कियामनेश आगा त्या बाईबरोबर वस्तीत गेले की शिक्का सापडेल असं मला वाटतं. माझी नोकरी घ्यायची तर घ्या, पण शिक्का खिशात हात घालून तुम्हाला काढावा लागेल, आणि मी बाईमाणूस आहे."

मग काय झालं ते ऐका. दहा वर्षं ज्यांना केश्वरचं एक वाक्य पटलं नव्हतं, ते सगळे तिच्या बाजूने कियामनेशच्या अंगावर धावून गेले. "अहो, माणुसकी काही आहे की नाही?" शल्यचिकित्सक ओरडला. "गरोदर बाई आहे हो!" दंतवैद्यसुद्धा ओरडला, तोच तो, यंत्रवाला. माणुसकी नव्हती ती, सहा गुण होते. पण पाऊण तास सगळं सभागृह एका आवाजात बोलत होतं, आणि तसं मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. कियामनेशनी विमान सोडलं. पाकीट बगलेत धरून ते निघाले, विद्यार्थिनी मागे, केश्वर पुढे.

दार बंद झालं तसा शिक्का सापडला. मी ऐंशी कार्डांवर असे शिक्के मारले की टेबल हललं.

इथवर केश्वरचं बरोबर होतं. पुढे तिने घोडचूक केली आणि ती मी लपवणार नाही. चालत वीस मिनिटांचा उतार म्हणून दहा वर्षं ओरडणारी बाई त्या दिवशी घाईने विद्यापीठाच्या गाडीत बसली. पांढरी गाडी, दारावर हे एवढं मोठं बोधचिन्ह, आत प्राध्यापक. ती भर दुपारी हेतावच्या दारात जाऊन थांबली. सगळी गल्ली बाहेर आली. सासूला कोणी काही सांगायची गरजच उरली नाही. कियामनेश आत हेतावशी मऊ आवाजात बोलत होते, तोवर सासूने तिची गाठोडी बाहेर फेकली होती.

हेतावला लागण होती. त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी, बहमन महिन्यात, पोट कापून मुलगी झाली, औषध पाजलं, वरचं दूध दिलं. दीड वर्षाची झाल्यावर शेवटची तपासणी. मुलगी स्वच्छ.

पण घर गेलं ते गेलंच. हेताव जवळजवळ वर्षभर केंद्राच्या मागच्या खोलीत राहिली. केश्वर रोज सकाळी तिच्यासमोर चहाचा पेला ठेवायची, साखरेचे दोन खडे बाजूला. हेताव तो गार होऊ द्यायची आणि मोरीत ओतायची. रोज. मी एकदा तिथे होते.

"तू माझं घर मोडलंस," हेताव तिला म्हणाली.

"हो, मोडलं," केश्वर म्हणाली.

"माफी माग."

"मागून घर मिळणार आहे का? मिळत असेल तर मागते."

हेताव त्यानंतर तिच्याशी बोललीच नाही. एक शब्दही नाही. तिला शिवणयंत्र मिळालं, दुसऱ्या गल्लीत खोली मिळाली, तरी नाही. केश्वर मात्र विद्यापीठात आली ती थेट नोंदणी कचेरीचे अर्ज मागायला. त्या बाळाला स्वतःची जन्मपुस्तिका मिळेपर्यंत तिने मला चार खेपा घालायला लावल्या. दहावं मानचिन्ह माझ्या कपाटात पडून होतं. न्यायचं का विचारलं तर म्हणाली, "खुराड्याला आता दार आहे."

कियामनेशचा निबंध छापून आला. मयत शून्य. खाली आभार, "क्षेत्रीय सहकाऱ्यांचे". नाव नाही. मला त्या माणसाचा अजूनही राग येतो, आणि विमान सोडलं म्हणून थोडा कमी येतो, एवढंच.

तीन वर्षांनी केश्वर गेली. आजाराने नाही, यकृताने, जुन्या सुयांचं देणं. विद्यापीठाने फुलांचं चक्र पाठवलं आणि ते पोचवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. कबरस्तानात प्रेत धुण्याच्या खोलीबाहेर त्या दोघी उभ्या होत्या. एकीने रबरी नळी आधीच नळाला लावली होती.

"आत जाऊन करा की नीट," मी म्हटलं.

"तुम्ही जा, खानम. तुम्ही शिकलेल्या."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. सव्वीस वर्षं मी या विषयाच्या परिसंवादांना शिक्के मारले आहेत. हातमोजे घातले, काळजी घेतली की प्रेत धुताना काही होत नाही, हे माझ्याकडून झोपेतही कोणी वदवून घ्यावं. आत दगडी ओट्यावर केश्वर होती. पाय ओट्याबाहेर आलेले, इतकी उंच. माझं पाऊल पुढे पडेना. मला त्या कागदी पेल्याची आठवण झाली आणि स्वतःची इतकी किळस आली की डोळ्यांत पाणी आलं, पण पाऊल काही पडेना.

मागून कोणीतरी मला खांद्याने बाजूला केलं. हेताव. कडेवरची मुलगी तिने बाकावर बसवली, तिच्या हातात सोललेलं संत्रं दिलं, "इथून हलायचं नाही" म्हणून दटावलं. मग नळीचं तोंड नळावरून ओढून काढलं आणि त्या दोघींच्या पायाशी टाकलं. हातमोज्यांचे दोन जोड होते. एक तिने घातला, दुसरा माझ्या हातात कोंबला.

तिने केश्वरचं डोकं हातावर घेतलं, केस सोडले. कपाळावरून अंगठा फिरवला. तोंड रागाने घट्ट मिटलेलं होतं.

"मी तिला माफ केलेलं नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग बघत काय उभ्या राहिलात? बोरीच्या पानांचं पाणी आधी. ओता."

मी हातमोजे चढवले आणि तांब्या भरला.